मराठी अद्भुतरम्य कादंबरीतील स्वतंत्र नायिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत निर्माण झालेल्या अद्भुतरम्य व ऐतिहासिक कादंबऱ्यांतून घराबाहेरच्या जगात वावरणारी, संकटांना धैर्याने सामोरी जाणारी आणि आपल्या प्रीतीचा निर्णय आपण करणारी नायिका प्रथम अवतरली. मराठी कथात्म गद्यातील स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रीचे हे एक आरंभीचे रूप होय. ज्या समाजात मुलींचे विवाह बाल्यावस्थेतच उरकले जात, त्या समाजाच्या वाङ्‌मयात अशी प्रौढ व अविवाहित नायिका कशी आली आणि पुढे तिचे काय झाले, या प्रश्नांना वाङ्‌मयीन व सामाजिक अशा दोन्ही दृष्टींनी महत्त्व आहे.

मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांची *यमुनापर्यटन* (१८५७) ही अद्भुतरम्य नव्हती. विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हा तिचा हेतू होता. यमुना प्रवास करते ती साहसासाठी नव्हे, तर इतर स्त्रियांची दुःखे पाहण्यासाठी. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये संमत झाला होता व त्याची पार्श्वभूमी या कादंबरीस आहे. तथापि पदमनजींचे अनुकरण लगेच झाले नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची *मुक्तामाला* (१८६१) व नारो सदाशिव रिसबूड यांची *मंजुघोषा* (१८६८) यांनी निराळाच मार्ग धरला. राजवाडे, अरण्ये, कपटी कारस्थाने, वियोग आणि पुनर्मीलन हे या कादंबऱ्यांचे विश्व होते. संस्कृत कथावाङ्‌मय आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ पासून मराठीत आणलेल्या *अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी* यांचे संस्कार वाचकांच्या मनावर होतेच. अरबी कथांची निवेदिका शहरजाद ही केवळ बुद्धीच्या बळावर स्वतःचे व इतर स्त्रियांचे प्राण वाचविते, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

अद्भुताचा आश्रय का घ्यावा लागला, याचे स्पष्टीकरण *मंजुघोषे*च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी स्वतःच दिले आहे. विवाहाविषयीच्या आपल्या रूढींमुळे हिंदूंच्या नित्य जीवनात मनोरंजक असे काही घडत नाही. म्हणून चित्तवेधक ग्रंथ लिहावयाचा, तर अद्भुताकडे वळणे प्राप्त होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. विवाहापूर्वीच्या प्रीतीवर आधारलेल्या कथेला वयात आलेली, विचार करू शकणारी व अद्याप कोणाच्या स्वाधीन न झालेली स्त्री लागते. पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीय घरांत अशी स्त्री अपवादानेच आढळे. तेव्हा लेखकांनी तिला दूरच्या राजधानीत वा गतकाळात नेऊन वसविले. रा. भि. गुंजीकरांच्या *मोचनगड* (१८७१) पासून सुरू झालेल्या ऐतिहासिक कादंबरीनेही वाचकास अशाच एका दूरच्या काळात नेले. अद्भुतरम्य नायिकेचे स्वातंत्र्य हे अशा रीतीने मुख्यतः तिच्या वयाचे स्वातंत्र्य होते.

या कल्पित स्वातंत्र्याचे मोल तत्कालीन घटनांवरून ध्यानात येते. भारतीय दंडसंहितेने (१८६०) मुलींचे संमतिवय दहा वर्षे ठरविले होते. १८९१ च्या कायद्याने ते बारा करताना महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. लहानपणी झालेल्या विवाहास आपली संमती नव्हती, म्हणून पतीकडे नांदावयास जाणार नाही, अशी भूमिका मुंबईच्या रखमाबाईंनी घेतली. तिच्यातून उद्‌भवलेला खटला १८८४ ते १८८८ पर्यंत गाजला. पतीकडे न गेल्यास कारावास भोगण्याचा आदेश त्यांना १८८७ मध्ये मिळाला होता. पुढे तडजोड झाली व इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्या डॉक्टर झाल्या. कादंबरीतील नायिकेने आपला वर निवडला, तर वाचक सुखावत. परंतु प्रत्यक्षातील स्त्रीने लादलेला वर नाकारताच तिच्यापुढे तुरुंगाचे दार उघडले गेले.

या परंपरेत स्त्रिया लेखिका म्हणूनही आल्या. साळूबाई तांबवेकर यांची *चंद्रप्रभाविरहवर्णन* (१८७३) ही स्त्रीने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी अद्भुतरम्य वळणाचीच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी *स्त्रीपुरुषतुलना* (१८८२) या निबंधात तत्कालीन कथा-नाटकांतील स्त्रीचित्रणाचाही परखड समाचार घेतला. हा निबंध दीर्घकाळ विस्मृतीत होता, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध केला.

ह. ना. आपटे (१८६४–१९१९) यांच्या लेखनात नायिकेची दोन्ही रूपे शेजारी-शेजारी दिसतात. *पण लक्षात कोण घेतो ?* (१८९०–९३) मधील यमू ही बालवधू आपली कहाणी आपणच सांगते; परंतु वैधव्य व केशवपन यांतून तिची सुटका होत नाही. याउलट *गड आला पण सिंह गेला* (१९०३-०४) मधील कमलकुमारी ही राजपूत स्त्री उदेभानूच्या बंदिवासातही त्याच्यापुढे नमत नाही. मात्र तिचे तेज नकारात प्रकटते. स्वतःचा निराळा मार्ग आखण्यास तिला वाव नाही. समकालीन भारतीय साहित्यातही हीच मर्यादा आढळते. बंकिमचंद्र चतर्जींच्या *देवी चौधुराणी* (१८८४) मधील प्रफुल्ल दरोडेखोरांचे नेतृत्व करते. परंतु अखेरीस सासरच्या संसारात परतते. विवाह वा पुनर्मीलन हा शेवट ठरलेला असल्याने कथेच्या मध्यभागी मिळालेले स्वातंत्र्य शेवटच्या प्रकरणात काढून घेतले जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभी गो. ना. दातार व नाथमाधव (१८८२–१९२८) यांनी अद्भुतरम्य कादंबरी लोकप्रिय केली. जॉर्ज रेनल्ड्‌झ या इंग्रज कादंबरीकाराचा प्रभाव या काळातील लेखनावर विशेष होता. पुढे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांत झुंजारची पत्नी विजया त्याच्या साहसांत सहभागी होते. येथे विवाहानंतरही नायिकेचे साहस संपत नाही, हा बदल उल्लेखनीय आहे. चित्रपटात प्रभात कंपनीच्या *अमरज्योती* (१९३६) या हिंदी बोलपटात दुर्गा खोटे यांनी साकारलेली सौदामिनी अन्यायी सत्तेविरुद्ध बंड करून समुद्रावरील चाच्यांची नायिका बनते.

नायिकेचे स्वातंत्र्य शेवटपर्यंत टिकविण्याचा वेगळा प्रयत्न काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांनी केला. विवाहानंतर अक्षरओळख झालेल्या या लेखिकेच्या *पालखीचा गोंडा* (१९२८) या कादंबरीत एका संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती जातो. त्यांचे स्थान कोणा वीराच्या प्रीतीवर नव्हे, तर राज्य चालविण्याच्या कर्तृत्वावर अधिष्ठित आहे.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलींचे किमान विवाहवय चौदा ठरविले. शिक्षणाच्या प्रसाराने शहरी मध्यम वर्गात प्रौढ अविवाहित मुलगी हळूहळू परिचयाची झाली. श्री. व्यं. केतकरांच्या *ब्राह्मणकन्या* (१९३०) मधील कालिंदी व विभावरी शिरूरकरांच्या *हिंदोळ्यावर* (१९३४) मधील अचला या नायिका समकालीन शहरात राहून आपल्या जीवनाचे निर्णय घेतात व त्यांची किंमतही मोजतात. जे पूर्वी केवळ कल्पित राजधानीत शक्य होते, ते आता ओळखीच्या वस्तीत लिहिता येऊ लागले. त्यामुळे अद्भुतरम्य नायिकेचे वाङ्‌मयीन कार्य बव्हंशी संपले. तथापि स्त्री वयात येऊन, विचारपूर्वक आपला मार्ग निवडू शकते, ही कल्पना वाचकांच्या मनात आधी रुजविण्याचे श्रेय तिच्याकडे जाते.