तिसऱ्या प्रहरचा चहा : इंग्रजी कादंबरीतील एक घोटाळा

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) वर्गात शिकवताना चोपन्नाव्या प्रकरणापाशी थोडे थांबावे लागते. बिंग्ली आणि डार्सी लाँगबोर्नला जेवायला आले आहेत. जेवण आटोपून पुरुषमंडळी दिवाणखान्यात येतात, तेव्हा थोरली जेन चहा करीत असते आणि एलिझाबेथ कॉफी ओतून देत असते. बायकांनी टेबलाभोवती असे कडे केले आहे की, डार्सीला तिच्याशेजारी खुर्ची सरकवायलाही जागा नाही. पुढे तो आपला रिकामा कप स्वतःच परत आणून देतो आणि तेवढ्या निमित्ताने दोघांत दोनचार वाक्ये होतात. हा चहा कोणत्या वेळचा, असे विचारले तर बहुतेक विद्यार्थी ‘दुपारी चारचा’ असे सांगतात. इंग्रज म्हटला की चारचा चहा, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के आहे की पाठ्यवस्तू समोर असूनही आपण ती वाचत नाही.

तो चहा रात्रीचा आहे, जेवणानंतरचा. ठरल्या वेळी, ठरल्या शिष्टाचाराने घ्यावयाचा तिसऱ्या प्रहरचा चहा ऑस्टिनच्या जगात अद्याप जन्माला यायचा होता. ऑस्टिनचा मृत्यू १८१७चा. ज्या प्रथेला आपण इंग्रजी संस्कृतीचा अर्क समजतो, ती तिच्या नायिकांना ठाऊकच नव्हती.

याचे कारण चहात नाही, जेवणाच्या वेळेत आहे. दिवसाचे मुख्य जेवण, म्हणजे ‘डिनर’, अठराव्या शतकात भर दुपारी होत असे आणि मग ते हळूहळू संध्याकाळकडे सरकत गेले. ऑस्टिनच्या पत्रांतच हे सरकणे दिसते. १७९८ साली स्टीव्हन्टनहून बहिणीला लिहिताना ती सांगते की, आम्ही साडेतीनला जेवतो आणि साडेसहाला चहा घेतो. तुमच्याकडे जेवायला बसण्याआधीच आमचे उरकलेले असते, अशी कोपरखळीही ती मारते. दहा वर्षांनी, १८०८ साली, साउदम्प्टनहून ती कळवते की, आता आम्ही पाचच्या आत कधी जेवत नाही. जेवायला जितका उशीर तितकी प्रतिष्ठा मोठी, असा हा हिशेब होता. कादंबरीतही नेदरफील्डच्या श्रीमंत घरात एलिझाबेथला जेवणाचे बोलावणे साडेसहाला येते. ऑस्टिनने हा आकडा सहज घातलेला नाही. तिच्या वाचकाला त्या एका वेळेवरून त्या घराची ऐट कळत होती. आपल्याला ती कळत नाही, कारण आपल्यालेखी साडेसहा म्हणजे लवकरच.

अशा रीतीने डिनर साडेसात-आठपर्यंत पोहोचले, तेव्हा मधल्या वेळच्या किरकोळ फराळापासून त्या जेवणापर्यंत मोठी पोकळी निर्माण झाली. ती पोकळी चहाने भरली. लोकप्रिय इतिहास मात्र हे असे सांगत नाही. तो सांगतो की, १८४०च्या सुमारास बेडफर्डची सातवी डचेस ॲना मारिया हिला दुपारी पोटात कसेसेच होऊ लागले, तिने चहा आणि पाव-लोणी मागवले आणि प्रथा सुरू झाली. चहाच्या इतिहासाला एखादी उच्चकुलीन स्त्री शोधून तिच्या पदरी श्रेय बांधण्याची खोडच आहे. त्याआधी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे श्रेय असेच पोर्तुगालच्या कॅथरिनला दिले जाते. १६६२ साली ती दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन आली आणि तिने इंग्रजांना चहा शिकवला, असे म्हणतात. (हीच ती राणी, जिच्या विवाहाच्या १६६१च्या तहात मुंबई आंदण गेली आणि १६६८ साली वार्षिक दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हाती पडली.) वास्तविक सॅम्युअल पीप्सने आपण चहा प्रथमच मागवून प्यायल्याची नोंद २५ सप्टेंबर १६६०लाच करून ठेवली आहे, आणि लंडनच्या कॉफीगृहांत चहा त्याआधीपासून विकला जात होता. राणीने फार तर त्याला दरबारी वलय दिले. एडमंड वॉलरने तिच्या वाढदिवसानिमित्त चहाची स्तुती करणारी कविता रचली आणि दंतकथेला छापील आधार मिळाला.

डचेसच्या बाबतीत मात्र एक साक्ष अशी आहे की ती बाजूला सारता येत नाही. अभिनेत्री आणि लेखिका फॅनी केंबल हिने आपल्या १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत १८४२च्या मार्चमधील बेल्व्हॉर कॅसलच्या मुक्कामाचे वर्णन केले आहे. तेथे तिला बेडफर्डच्या डचेसच्या खोलीत येण्याची गुप्त वाटावीत अशी आमंत्रणे आली. जाऊन पाहते तो किल्ल्यावर पाहुण्या आलेल्या निवडक स्त्रिया आत जमलेल्या, आणि डचेसच्या स्वतःच्या खासगी किटलीत चहा तयार होतो आहे! पुढे सर्वमान्य झालेल्या पाचच्या चहाचा उगम या काहीशा लाजऱ्या, चोरट्या प्रकारात असावा, असे केंबलला वाटते. डचेसने प्रथा शोधली की नाही हा प्रश्न मला गौण वाटतो. मोलाचा आहे तो त्यातला चोरटेपणा. मोठ्या घरातल्या, दारी नोकरांचा ताफा असलेल्या स्त्रिया दार लावून स्वतःच्या हाताने चहा करीत आहेत. यजमानाच्या घड्याळावर चालणाऱ्या दिवसातून त्यांनी एक तास स्वतःसाठी काढून घेतला होता.

चहाला वेळ देणे म्हणजे कोणाचा तरी वेळ वाया घालवणे, हा आक्षेप तर आणखी जुना आहे. जोनास हॅनवे या व्यापारी परोपकाऱ्याने १७५६ साली चहाविरुद्ध निबंध लिहिला. स्त्रियांचे सौंदर्य आणि राष्ट्राचे आरोग्य यांविषयीच्या त्याच्या तक्रारींपेक्षा बोलकी तक्रार वेगळीच आहे : आता मोलमजुरी करणारेही चहा पिऊ लागले आहेत! त्यावर डॉ. जॉन्सनने १७५७ साली लिहिलेले परीक्षण चहाबाजांचे आवडते आहे. आपली किटली वर्षानुवर्षे थंड पडत नाही, संध्याकाळ आणि मध्यरात्र आपण चहाच्या संगतीने काढतो आणि सकाळही त्यानेच उजाडते, अशा आशयाची त्याची कबुली संकलनांतून वारंवार भेटते. तिसरा प्रहर या यादीत नाही, हेही लक्षात घ्यावे. पण त्याच परीक्षणात जॉन्सन हॅनवेला एक मुद्दा निमूटपणे देऊन टाकतो : चहा हे खालच्या वर्गाचे पेय नव्हे, कारण त्याने कष्टाला बळ मिळत नाही. ही ओळ संकलने गाळतात. आपणही ती गाळूनच शिकवत आलो आहोत.

प्रत्यक्षात चहा खालपर्यंत झिरपला तो प्रथम चोरवाटेने आणि मग करकपातीने. नॉरफोकचा पाद्री जेम्स वुडफोर्ड १७७७ सालच्या रोजनिशीत अगदी निर्विकारपणे नोंदवतो की, रात्री अकराच्या सुमारास अँड्र्यूज नावाचा तस्कर सहा पौंड चहा घेऊन आला आणि खिडकीखाली शीळ घालून त्याने घरच्यांना जरा घाबरवले. पाद्रीबोवांनी त्याला जिन पाजली आणि पैसे चुकते केले. धर्मोपदेशकाचीच ही तऱ्हा, तिथे इतरांचे काय? १७८४ साली धाकट्या पिटने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि या धंद्याचा कणा मोडला.

बेल्व्हॉरच्या त्या बंद खोलीतला चहा पुढील पन्नास वर्षांत रंगभूमीच्या मध्यावर आला. ऑस्कर वाइल्डच्या ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ला (१८९५) चहाचे नाटक म्हणायला हरकत नाही. पहिल्या अंकात मावशीसाठी केलेली काकडीची सँडविचे आल्जर्नन स्वतःच फस्त करतो आणि बाजारात काकड्याच नव्हत्या, अशी थाप त्याचा नोकर शांतपणे मारतो. दुसऱ्या अंकात ग्वेंडोलेन ‘साखर नको’ म्हणते, तर सिसिली तिच्या कपात चार खडे टाकते. ती पाव-लोणी मागते, तर बशीत केकचा मोठा तुकडा येतो. साखर आता फॅशनमध्ये राहिलेली नाही, ही ग्वेंडोलेनची शेरेबाजी केवळ विनोद नाही. साखर स्वस्त झाली आणि कामगाराच्या कपात पोहोचली; म्हणून ती वरच्या वर्गाच्या कपातून हद्दपार झाली. या भांडणाला धार येते ती बटलर समोर उभा असल्यामुळे. नोकरांदेखत आवाज चढवायचा नाही, हा नियम पाळता पाळता द्वेष साखरेच्या चिमट्यात उतरतो.

हेन्री जेम्सने ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ (१८८१) या कादंबरीची सुरुवातच तिसऱ्या प्रहरच्या चहाने केली आहे. पण तिथे हिरवळीवर चहा घेणारे सगळे पुरुष आहेत आणि हे नेहमीचे दृश्य नव्हे, असे निवेदक आवर्जून सुचवतो. टेबलामागची यजमानीणच तिथे नाही. इंग्रज घराचे ते परिपूर्ण चित्र रंगवणारा लेखक अमेरिकन, आणि त्या घराचा मालकही अमेरिकन बँकवाला. परंपरा बाहेरून पाहणाऱ्यालाच ती इतकी प्राचीन दिसते.

दुसरा घोटाळा ‘हाय टी’ या शब्दाचा. आपल्याकडची पंचतारांकित हॉटेले हा शब्द उंची चहापानासाठी वापरतात. मुळात तो उत्तर इंग्लंडातल्या श्रमिकांच्या संध्याकाळच्या जेवणाचा शब्द : काम संपवून आलेल्या माणसापुढे मांस, पाव आणि कडक चहा. डी. एच. लॉरेन्सच्या ‘सन्स अँड लव्हर्स’मधील (१९१३) खाणकामगाराच्या घरात ‘टी’ शब्द येतो, तेव्हा नाजूक कपबश्या डोळ्यांपुढे आणून चालत नाही. भूक आणावी लागते. ऑर्वेलने ‘द रोड टू विगन पिअर’मध्ये (१९३७) बेकारांच्या घरातला गोड चहा याच भुकेच्या संदर्भात पाहिला आहे : पौष्टिक अन्न परवडत नाही तिथे माणूस जिभेला तरतरी देणारे काहीतरी शोधतो. त्याच ऑर्वेलने जानेवारी १९४६मध्ये ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये उत्तम चहाचे अकरा नियम सांगितले, तेव्हा इंग्लंडात चहाचे रेशनिंग होते. ते उठले १९५२ साली. चहात साखर मुळीच नको, असे तो या नियमांत बजावतो. विगनच्या गोड चहाचा त्याला विसर पडला होता, की तो आता वेगळ्या वाचकाशी बोलत होता, हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे.

भाषांतरात या तिन्ही चहांना आपण एकच शब्द वापरतो आणि मराठी वाचकापुढे एकच चित्र उभे राहते. तळटीपांची मला आवड नाही. पण ऑस्टिनमध्ये ‘जेवणानंतरचा चहा’, वाइल्डमध्ये ‘तिसऱ्या प्रहरचा चहा’ आणि लॉरेन्समध्ये चक्क ‘संध्याकाळचे जेवण’ असे लिहिण्याचे धाडस भाषांतरकाराने करायला हवे. निदान शिक्षकाने वर्गात तोंडी तरी करावे.

आणखी एक टोक उरते, ते इंग्रजी दिवाणखान्यातून दिसत नाही. आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लिलाव लंडनमध्ये जानेवारी १८३९मध्ये झाला, म्हणजे बेल्व्हॉरच्या त्या किटलीच्या अवघी तीन वर्षे आधी. वाइल्डचे नाटक रंगमंचावर आले तोवर इंग्लंडच्या कपात चिनी चहापेक्षा हिंदुस्थानी चहा अधिक होता. तो खुडणाऱ्यांच्या दिवसाला कोणता प्रहर होता, हे सांगणारी इंग्रजी कादंबरी १९३७ साली आली आणि ती एका हिंदी लेखकाने लिहिली : मुल्कराज आनंद यांची ‘टू लीव्ह्ज अँड अ बड’. पंजाबातून फसवून आसामच्या मळ्यावर आणलेला गंगू तिचा नायक आहे. ऑर्वेलचे विगनचे पुस्तकही त्याच वर्षाचे. ही दोन पुस्तके एकाच अभ्यासक्रमात शेजारी लावलेली मी अजून पाहिलेली नाहीत.