तहनामा

तहनामा : युद्ध थांबविण्यासाठी किंवा प्रदेश, खंडणी, सरहद्द इत्यादींविषयी दोन राजसत्तांनी मान्य केलेल्या अटींचा लेख. नामा हा फार्सी शब्द पत्र वा लेख या अर्थाचा होय. त्याच घडणीचे करारनामा (अरबी ‘करार’, म्हणजे स्थैर्य, निश्चिती) व कौलनामा (‘कौल’, म्हणजे बोल, वचन) हे शब्द मराठी कागदपत्रांत आढळतात. संस्कृत राजनीतीतील षाड्गुण्यापैकी पहिला गुण संधी हाच होय.

कोरियन भाषेत तहाला ‘चोयाक’ व खाजगी कराराला ‘क्येयाक’ म्हणतात. दोहोंतील ‘याक’ म्हणजे वचन. जपानने १९०५ मध्ये कोरियाचे परराष्ट्रव्यवहार ज्या लेखाने ताब्यात घेतले, त्यास मात्र अनेक कोरियन लेखक ‘नुग्याक’, म्हणजे सक्तीने घेतलेले वचन, असे म्हणतात. मराठीत विजयाचा आणि पराभवाचा लेख एकाच नावाने ओळखला जातो. संमती कशी मिळाली, हे त्यावरून कळत नाही.

खानदेशाचा इतिहास अशा लेखांनी घडला आहे. एदलाबादच्या (सध्याचे मुक्ताईनगर) ईशान्येस असलेले बऱ्हाणपूर उदगीरच्या तहाने (१७६०) निजामाकडून मराठ्यांकडे आले. महिदपूरच्या पराभवानंतर (२१ डिसेंबर १८१७) होळकरांनी ६ जानेवारी १८१८ रोजी माळव्यातील मंदसोर येथे इंग्रजांशी तह केला आणि सातपुड्यातील व त्याच्या दक्षिणेकडील आपला सर्व मुलूख, खानदेशासह, सोडून दिला. गादीवरील मल्हारराव होळकर (दुसरे) त्या वेळी अल्पवयीन होते. खाजगी व्यवहारात अल्पवयीनाने केलेला करार पुढे १८७२ च्या भारतीय संविदा अधिनियमाखाली टिकेना. तहाला ही कसोटी लागत नाही, कारण त्यातील पक्ष व्यक्ती नसून राज्य असते.

हा तह अंमलात आणण्यासाठी जनरल हिस्लॉप दक्षिणेकडे निघाला. तापीकाठच्या थाळनेर किल्ल्याच्या तुळशीराम नावाच्या किल्लेदाराने किल्ला सोपविण्यास नकार दिला व फौजेवर तोफा डागल्या. प्रतिकार केल्यास बंडखोर समजले जाईल, अशी ताकीद त्यास देण्यात आली होती. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी किल्लेदार शरण येऊन बाहेर आला. तथापि आतील दरवाज्यापाशी बोलणी चालू असताना चकमक उडून काही इंग्रज अधिकारी मारले गेले. तेव्हा शिबंदीची कत्तल करण्यात आली व किल्लेदारास फाशी दिले. बाहेर आलेल्या किल्लेदारास आतील चकमकीबद्दल जबाबदार धरणे कठीण होते. मग उरला तो तहभंगाचा आरोप. पण मंदसोरच्या तहात तो स्वतः पक्षकार नव्हता, त्याचा धनी होता. धन्याने सोडलेल्या किल्ल्याचा चाकर बंडखोर ठरतो की शत्रुपक्षाचा सैनिक, हा वाद इंग्लंडातही निघाला. १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या मोहिमेबद्दल आभारदर्शक ठराव केला, तेव्हा थाळनेरच्या फाशीविषयीचे मत त्यातून वगळून राखून ठेवण्यात आले.