मंडालेच्या एकांतांतील मनःस्वास्थ्य

सन १९०८ च्या २२ जुलैस लोकमान्य टिळकांस ६ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच दिवशीं त्यांचीं ५२ वर्षें पुरीं झालीं. मधुमेहानें पोखरलेलें शरीर, ब्रह्मदेशांतील मंडालेचा तुरुंग, असह्य उन्हाळा. अशा एकांतांत भलेभले खचतात. टिळकांचें मन सावरलें तें त्यांच्या ज्ञानलालसेनें. तेथें ते जर्मन, फ्रेंच, पाली शिकले. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत शिसपेनीनें ‘गीतारहस्य’ लिहिलें. कोरीं पानेंही मोजून मिळत! १९१२ त पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. कर्मयोगावर लिहिणारा हा पुरुषही त्या वार्तेनें व्याकुळ झाला. यांत कमीपणा कसला? व्यासंग मात्र सुटला नाहीं. जून १९१४ मध्यें सुटका झाली, तेव्हां हस्तलिखित सरकारनें अडकवून ठेविलें होतें. तें न मिळाल्यास स्मरणावरून पुन्हां लिहिण्याची त्यांची तयारी होती.