कोंडलेली हवा : भात्यापासून कॉम्प्रेसरपर्यंत

दोंडाईच्यासारख्या गांवांत पंक्चर काढणाऱ्याच्या दुकानापुढें एक लहानसें यंत्र धडधडत असतें. दोन चाकें, आडवी टांकी, वर मोटर आणि शेजारीं एक घड्याळासारखा कांटा. आपण त्याला ‘हवेचें मशीन’ म्हणून मोकळे होतों. पण त्याचें कुळ जुनें आहे.

लोहाराचा भाता हा त्याचा पूर्वज. मात्र भाता हवा ढकलतो, कोंडीत नाहीं. हवा निम्म्या जागेंत कोंडली कीं तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट बॉइलनें १६६२ मध्यें मांडला. त्याचें मोठें फळ दिसण्यास दोनशें वर्षें लागलीं. आपल्या बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ मध्यें खुला झाला. तेथील बोगदे मजुरांनीं हातानें भोकें पाडून, काळी दारू ठासून खणले. त्याच सुमारास आल्प्स पर्वतांतील फ्रेजूस बोगद्यांत १८६१ पासून दाबलेल्या हवेवर चालणारीं ड्रिलें लागलीं, आणि १८७१ मध्यें तो बोगदा वाहतुकीस खुला झाला. ड्रिलांतून सुटणारी हवा मजुरांच्या श्वासासहि उपयोगी पडे. वाफेला हें साधलें नसतें!

पुढें १८६९ मध्यें वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक आला. आपल्या रेल्वेनें दीर्घकाळ निर्वात ब्रेक वापरला. आतां दोंडाईच्याहून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गावरील गाड्याहि हवेच्याच ब्रेकानें थांबतात. १८८८ मध्यें डनलॉपनें हवेचा टायर केला आणि, योगायोग असा, त्याच वर्षीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. त्या घराण्याची कॉम्प्रेसर बनविणारी कंपनी पुण्यास १९५८ मध्यें निघाली.

आतां त्या टांकीकडे वळूं. झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोग्रॅम धरला, तर त्या एका झाकणावर साडेपांच टनांहून अधिक भार येतो. दुकानदार त्यावर चहाचा पेला ठेवतो! ठराविक दाबाला मोटर बंद करणारा स्विच बिघडला, तर उरतो केवळ सुरक्षा-व्हॉल्व्ह. ‘सारखा फुसफुसतो’ म्हणून त्याचें तोंड बंद करणें म्हणजे यंत्राचा अखेरचा पहारेकरी बांधून ठेवणें होय. त्याची कडी अधूनमधून ओढून तो सुटतो कीं नाहीं, हें पाहावें.

दुसरा शत्रु पाणी. दाबल्यानें तापलेली हवा टांकींत निवते आणि तिच्यांतील बाष्पाचें पाणी होतें. पावसाळ्यांत तर फारच. तें तळाशीं सांचून लोखंड आंतून खातें, आणि वरचा रंग मात्र चकचकीत राहतो. म्हणून रोज काम संपल्यावर मोटर बंद करून दाब उतरवावा व तळचा कॉक उघडून पाणी काढावें. गळक्या टांकीला वेल्डिंगचें ठिगळ लावून घेऊं नये. ती मोडींतच द्यावी.

अंगावरची धूळ या हवेनें झटकण्याची खोड तर अत्यंत घातक. ही हवा जखमेंतून किंवा शरीराच्या द्वारांतून आंत शिरली, तर माणूस दगावतो; गंमतीनें केलेल्या अशा चेष्टेनें पोरें मेलीं आहेत.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याचें ३१ वें कलम दाबाखालच्या यंत्रांविषयींच होतें. पण एक मालक व एक पोऱ्या असलेलें दुकान बहुधा त्या कायद्याच्या कक्षेंत येत नसे. तेथें निरीक्षक येत नाहीं. तळचा कॉक त्या पोऱ्यानेंच उघडावयाचा असतो, आणि तो कशासाठीं आहे हें त्याला मालकानें सांगितलेलें असावें लागतें.