बेतीच्या फेरीतून

नंदुरबारच्या मिरची पथारीजवळून जाताना ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. पुसून बघता तर समोर गोव्यातली मांडवी. जुलै १९८६, धो धो पाऊस.

तुम्ही मावची घरातले इंजिनिअर. एमआयडीसीत स्वतःची शेड, हाताखाली चार कामगार, आणि हल्ली जो भेटतो तो म्हणतो, "साहेब, यंदा उभे राहाच." जिल्ह्यातल्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, तेव्हा अडचण तिथे नाही. यंत्रांतला माणूस सभागृहात जाऊन करतो काय, एवढं बघायला तुम्ही आलात.

बेतीच्या धक्क्यावर गर्दी ताटकळलीय. पणजीला जाणारा नेहरू पूल याच महिन्यात कोसळला. वीस वर्षंही टिकला नाही. फेरीची लोखंडी फळी खणकन धक्क्यावर पडते. आधी स्कूटर, मग टोपल्या, मग तुम्ही. कठड्याचा गंज बोटांना लागतो आणि खाऱ्या हवेत पोलादाचं काय होतं याचा हिशेब डोक्यात आपोआप सुरू होतो.

तो हिशेब येणारा एक माणूस मागे म्हापशात आहे. मनोहर पर्रीकर, तिशीतले. मुंबई आयआयटीतून १९७८ साली धातुशास्त्राची पदवी, मग गावी स्वतःचा छोटा कारखाना आणि संघाचं काम.

पणजीला उतरता तेव्हा १९९४ उलटून गेलंय. मधल्या काळात नवा पूल झाला. पर्रीकर १९९१ची लोकसभा हरले, १९९४ला पणजीचे आमदार झाले. चाळीसांच्या सभागृहात भाजपचे चार, म्हणजे तुमच्या अख्ख्या जिल्ह्याइतके.

आबे फारियाच्या पुतळ्याशेजारी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात विधानसभा भरते. गॅलरीत बसा. थोड्याच वेळात जांभया येतील. गाजणारी भाषणं थोडी. बाकी तारांकित प्रश्न, पुरवणी मागण्या, कपात सूचना. पण कागद नीट बघा: काम, परिमाण, दर, मुदत. हे टेंडरच की! हे तुम्ही रोज वाचता.

पर्रीकरांच्या आयआयटीचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. महिनाअखेर पगार वाटायची जबाबदारी ज्याने घेतलीय, त्याला अंदाजपत्रक निराळं दिसतं. २००० साली ते मुख्यमंत्री झाले, २००४ला 'इफ्फी' गोव्यात आणला, २०१२ला पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला. मात्र २०१७ला सतरा आमदारांची काँग्रेस बाजूला राहिली आणि तेरा आमदारांच्या भाजपचं सरकार पर्रीकरांनी बनवलं, ते गणित कुठल्याच कारखान्यात शिकता येत नाही. त्यासाठी वेगळी शाळा लागते, आणि तिची फी तुम्हाला परवडेल का, ते तुमचं तुम्ही बघा.

ठसका थांबतो. परत पथारीपाशी आहात. उभं राहायचं ठरलंच, तर वकिलाकडे आधी जा. सव्विसाव्या नमुन्यातल्या प्रतिज्ञापत्रात शेडवरचं कर्ज लिहावं लागेल. आणि राज्य सरकारच्या खात्याला माल पुरवायचं तुमच्या नावावरचं कंत्राट अजून चालू असेल, तर अर्ज भरण्याआधी ते मोकळं करा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९अ कलमाखाली छाननीतच अर्ज बाद होतो.