अँटवर्पची शर्यत आणि थंडीचा बाऊ

पौषांतल्या पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्यापाशीं उभें राहिलें, म्हणजे आम्हां मुंबईकरांच्या थंडीविषयींच्या कल्पनांची मौज वाटते. पारा सोळा-सतरा अंशांवर उतरलेला असतो. फिरावयास आलेल्या मंडळींच्या कानांभोंवतीं मफलर, अंगांत स्वेटर. आणि त्यांच्यामधून जानेवारीच्या मॅरेथॉनसाठीं सराव करणारीं मुलें घामाघूम होऊन धांवत असतात. ही शर्यत मुंबईंत २००४ सालीं सुरू झाली. परंतु ऑलिंपिकची मॅरेथॉन आपलीं माणसें प्रथम धांवलीं तीं १९२० सालीं, बेल्जममधील अँटवर्प येथें. आणि त्या हकीकतीचा आरंभ मुंबईच्याच एका गृहस्थापासून होतो.

सर दोराबजी टाटा हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील शर्यतींत त्यांनीं जें पाहिलें, तें १९२९ सालच्या एका पत्रांत त्यांनीं लिहून ठेविलें आहे. धांवणारीं बहुतेक मुलें शेतकऱ्यांचीं. खाणें हलकें, नियमांची ओळख नाहीं, पद्धतशीर शिक्षण तर नाहींच. पायांत कांहीं न घालतां तीं रस्त्यावरून धांवलीं, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपीय धांवपटूंशीं ताडून पाहाव्या अशा होत्या. टाटांनीं मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांचें साह्य मागितलें, पदरचा पैसा घातला, आणि चार धांवपटू व दोन मल्ल अशीं सहा माणसें विलायतेस रवाना झालीं. मॅरेथॉनसाठीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार असे दोघे होते.

आतां असें वाटणें साहजिक आहे, कीं दख्खनच्या उन्हांत वाढलेल्या या गड्यांना थंडीनें मारलें असेल. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. धांवतांना स्नायू जी शक्ति खर्च करतात, तिचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग उष्णतेंतच जातो. हवा गरम असली कीं ही उष्णता बाहेर टाकण्यासाठीं रक्त त्वचेकडे वळवावें लागतें, आणि पायांच्या वांट्याला तें कमी येतें. १९१२ सालीं स्टॉकहोमच्या कडक उन्हांत पोर्तुगालचा लाझारो शर्यतींत कोसळला व दुसऱ्या दिवशीं मरण पावला. लांब पल्ल्याला दहा अंशांच्या आसपासची हवाच उत्तम. थंडी बाधते ती निराळ्या रीतीनें: आरंभीं अंग आखडलेलें असतें, म्हणून पहिला मैल संथ धांवावा लागतो, आणि शेवटीं चाल मंदावली, कपडे ओले असले, म्हणजे अंगांतली ऊब झपाट्यानें निघून जाते. भारी स्वेटर या दोन्ही वेळीं निरुपयोगी. मुक्कामीं पोंचल्यावर कोरडा सदरा हवा. आमच्या गिरगांवांतल्या आया मुलांना नेमकें उलट करावयास लावतात!

२२ ऑगस्ट १९२० रोजीं अँटवर्पला हवा गार व पावसाळी होती. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्याहून अर्ध्या किलोमीटरनें अधिकच. फिनलंडचा कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटें ३५.८ सेकंदांत पहिला आला. तो धंद्यानें गवंडी. परंतु आठ वर्षांपूर्वीं स्टॉकहोमला तीन सुवर्णपदकें जिंकलेला, वर्षानुवर्षें तालीम घेतलेला. आमच्या गड्यांच्या वांट्याला इंग्लंडमधील थोडक्या आठवड्यांचा सराव आला. माझ्या मतें अंतर पडलें तें येथें. हवेला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. दातारांना शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंद.

म्हणजे किलोमीटरला चार मिनिटें, बेचाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर. शिवाजी पार्कला फेऱ्या घालणाऱ्यांपैकीं या चालीनें एक फेरी पुरी करणाराकडेही कट्ट्यावरचीं मफलरवालीं मंडळी आज मान वळवून पाहतात.