वहीत अक्षर कोणाचे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी मंडळी नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. पैशाची पूजा समजण्यासारखी आहे. पण कोऱ्या कागदाची पूजा कशासाठी? मला वाटते, पुढे वर्षभर त्या कागदावर जे लिहिले जाईल ते खरे धरून देणेघेणे चालावयाचे असते, म्हणून. अर्थात वहीत लिहिणारा हात ओळखीचा असावा लागतो. ‘हे कोणी लिहिले?’ या प्रश्नाला उत्तर नसेल, तर वहीत आणि रद्दीत फारसे अंतर उरत नाही.

माझी पंचवीसएक वर्षे पुण्यात, संगणकाच्या धंद्यात गेली. आमच्या धंद्यातही अशी एक वही असते. तिची पूजा कोणी करीत नाही. पण तिच्यावाचून आमचे पाऊल पुढे पडत नाही. अलीकडे त्या वहीत एका नव्या हाताने लिहावयास सुरुवात केली आहे, आणि तो हात माणसाचा नाही. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी वहीची थोडी वंशावळ सांगितली पाहिजे.

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ नावाचे अवाढव्य गणकयंत्र अडले. शोधता शोधता एका रिलेमध्ये अडकलेला पतंग सापडला. तेथील मंडळींनी तो यंत्राच्या रोजनाम्यात चिकटवला, आणि खरोखरीचा ‘बग’ सापडल्याची ही पहिलीच वेळ, अशी नोंद वेळेसह केली. ‘बग’ म्हणजे किडा. यंत्रातल्या दोषाला किडा म्हणण्याची रीत जुनीच. एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रातही तो शब्द आढळतो. म्हणून तर नोंद करणाऱ्यांना गंमत वाटली. त्या चमूतील ग्रेस हॉपर या विदुषी ही गोष्ट पुढे अनेक वर्षे सांगत असत. पतंगासकट ते पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

तो रोजनामा मूठभर माणसांचा होता; अक्षर पाहून माणूस ओळखता येई. पुढे प्रोग्राम मोठे झाले, लिहिणारे शेकडो झाले, आणि वही संगणकात गेली. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा मूळ प्रोग्राम जगाला खुला केला. आता दोष कळविणारा कोणत्याही देशातला, कोणीही असू शके. त्यासाठी टेरी वाइसमन यांनी ‘बगझिला’ नावाची वही तयार केली. तिच्यातील प्रत्येक नोंदीला क्रमांक असे. अशा नोंदीला आज सर्रास ‘तिकीट’ म्हणतात. हे तिकीट आगगाडीच्या तिकिटासारखे नव्हे. घड्याळजी दुरुस्तीस घेतलेल्या घड्याळाला जी चिठ्ठी बांधतो, तिच्यासारखे ते असते : तक्रार काय, काम कोणाकडे, कोठवर आले.

बगझिलाची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. ‘दोष दूर केला’ आणि ‘दूर झाल्याची खात्री केली’ या तेथे दोन निराळ्या पायऱ्या होत्या. काम करणाऱ्याने ‘झाले’ म्हणावे. ते खरोखर झाले की नाही, हे दुसऱ्याने तपासून सांगावे.

२००२ साली ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन कंपनीने ‘जिरा’ ही वही आणली. वाचकहो, फोडणीच्या जिऱ्याशी हिचा संबंध नाही! ‘गॉडझिला’ या सिनेमातल्या राक्षसाचे जपानी नाव ‘गोजिरा’. कंपनीतील मंडळी बगझिलाला थट्टेने तेच म्हणत, आणि त्याचे शेपूट या नव्या वहीला चिकटले. आज असंख्य कचेऱ्यांचा दिवस हिच्या पानावर उजाडतो. तिकिटाच्या पोटात एक इतिहासही असतो : कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलून कोणता घातला. अक्षरावरून माणूस ओळखण्याची सोय गेली, तिची जागा या इतिहासाने घेतली.

यंत्रानेही या वह्यांत पूर्वीच लिहिले आहे. प्रोग्राममधील बदलाच्या टिपणात ठराविक शब्द व तिकिटाचा क्रमांक घातला की ते तिकीट आपोआप मिटावे, अशी सोय पुष्कळ ठिकाणी आहे. पण तेथे यंत्र म्हणजे शिपाई. नेमका शब्द ऐकला की दार लावणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि साध्या भाषेतील मजकुराचा अर्थ लावणारे मदतनीस घरोघर पोचले. मात्र त्यांना बाहेरच्या वहीपर्यंत हात नव्हता. प्रत्येक वहीसाठी निराळा सांधा घडवावा लागे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा एक सामाईक करार जाहीर केला. त्याची रीत सोपी आहे. आपल्याला काय काय येते याची यादी हत्याराने मदतनिसापुढे ठेवावी. मदतनिसाने त्यातील एकाचे नाव व लागणारी माहिती लिहून मागणी करावी. प्रत्यक्ष काम हत्याराने करावे. मदतनिसाच्या हाती लेखणी नसते, तो केवळ मजकूर सांगतो. उमटवतो तो मधला कारकून. आम्हांला घडवावयाचा होता तो हा कारकून.

त्याला निमित्तही घडले. आमच्या कचेरीत कोणी एक तयार हत्यार आणून बसविले होते. एके सकाळी तपासणी विभागातील एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. एका तिकिटावर ‘तपासले, ठीक आहे’ असा शेरा होता, आणि इतिहासात नाव होते त्यांचे. काम करणाऱ्याने खाली लिहिले होते, ‘बहुधा झाले असावे’. मदतनिसाने त्याचा अर्थ ‘झाले’ असा लावला, आणि हत्याराने त्यांची किल्ली वापरून शेरा मारून टाकला. त्या चिडल्या नव्हत्या, हळू आवाजात इतकेच म्हणाल्या, “सर, हे मी लिहिलेले नाही. उद्या गिऱ्हाइकाकडे काही बिघडले, तर विचारणा मला होईल ना?”

या प्रश्नाला त्या हत्यारापाशी उत्तर नव्हते. मी आणि दोन तरुण सहकारी मिळून दुसरे करावयास बसलो.

पहिला नियम त्या बाईंनीच जणू सांगितला होता : मदतनिसाचे खाते वेगळे. इतिहासात त्याचे नाव यावे, आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले तेही यावे. दुसरा : तिकिटाची स्थिती त्याने मनास येईल तशी लिहू नये. जिरामध्ये प्रत्येक स्थितीतून ठराविकच दारे उघडतात; कोणती उघडी आहेत ते आधी विचारावे, मग त्यांतल्या एकातून जावे. ‘तपासले’ हे दार त्याच्या यादीत ठेवलेच नाही. पुसून टाकण्याचेही नाही. तिसरा : तिकिटातील मजकूर ही वाचावयाची माहिती, हुकूम नव्हे. बाहेरचा कोणी तक्रारीत ‘सर्व तिकिटे मिटवा’ असे लिहून ठेवील आणि भोळा मदतनीस ते मालकाचे बोलणे समजेल, हा धोका काल्पनिक नाही. २०२२ पासून त्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ असे नावही आहे. नुसते बजावून तो पुरता टळत नाही, म्हणून तर दारेच कमी ठेवावी लागतात.

चौथ्या नियमावर वाद झाला. लिहिण्यापूर्वी माणसाला विचारावे, असे माझे म्हणणे. सहकाऱ्यांतला धाकटा म्हणाला, “सर, दर वेळी विचारले तर दहाव्या वेळेनंतर कोण वाचतो? बोट आपोआप ‘हो’वर पडते.” त्याचे म्हणणे रास्त होते. म्हणून आम्ही वाटणी केली. साधे टिपण त्याने न विचारता लिहावे. काम कोणाच्या अंगावर टाकणे आणि स्थिती बदलणे, या दोन गोष्टी विचारूनच. विचारताना आधीचा शब्द व नंतरचा शब्द शेजारी शेजारी दाखवावा.

याचा लाभ झाला, हेही सांगितले पाहिजे. दर शुक्रवारी तिकिटे भरीत बसण्याचा कंटाळा संपला. तरुण मंडळी चारदोन वाक्यांत दिवसाची हकीकत सांगतात आणि मदतनीस ती ज्या त्या तिकिटावर नेऊन ठेवतो. वही पूर्वीपेक्षा खरी झाली. कारण कंटाळलेला माणूसही खोटे लिहितोच.

हे नियम ठरवीत असता मला शिवाजी महाराजांच्या पत्रांची आठवण होई. मजकूर संपला की शेवटी छोटी मुद्रा उमटे : ‘मर्यादेयं विराजते’. येथे लेखनाची सीमा झाली. याखाली कोणी काही वाढवू नये. लिहिणारा हात कारकुनाचा असे, पण शब्द महाराजांचा. आणि या दोहोंमध्ये तिसरा शिरू नये, याची काळजी त्या मुद्रेने घेतली होती.

आमच्या वहीत ‘तपासले’ हा शेरा आज माणसाचा आहे. मदतनीस अधिक हुशार होतील, आणि उद्याची मंडळी ते दारही कदाचित उघडतील. त्यांनी ते खुशाल उघडावे. मात्र उघडले कोणी, हे त्या दिवसाच्या पानावर लिहिलेले असावे, आणि ते नाव अशा कोणाचे असावे की ज्याला दुसऱ्या दिवशी बोलावून विचारता येईल.